भुताची मातृभाषा

बंगळूरच्या छावणी भागात शिवाजीनगर नावाची वस्ती आहे. नाव ऐकून एखाद्या मराठी माणसास वाटेल की, तेथे पाऊल टाकताच मराठी कानावर पडेल. तसे होत नाही. १८०९ साली इंग्रजांनी बंगळूरला लष्करी ठाणे वसविले आणि त्याच्या आश्रयाने जी दाट वस्ती वाढली, तिच्या ह्या भागाचे जुने नाव ब्लॅकपल्ली. शिवाजीमहाराजांचे नाव त्याला मागाहून मिळाले. त्या नावास इतिहासाचा आधार नाही असे नव्हे. १६३८ साली बंगळूर आदिलशाही फौजेच्या हाती आले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत गेले आणि बाल शिवाजींनी काही काळ तेथे वास्तव्यही केले. परंतु आज १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या दाराशी क्षणभर उभे राहावे, तर कानावर येते ती दख्खनी उर्दू, तमिळ आणि कन्नड. मराठी ही तेथे रस्त्याची भाषा नव्हे, बाजाराची नव्हे, कचेरीची तर नव्हेच. ज्या थोड्या कुटुंबांत ती टिकून आहे, तेथे ती उंबरठ्याच्या आत टिकून आहे.

हे सांगावयाचे कारण असे की, प्रस्तुत विषय इतिहासाचा नसून भुताचा आहे. आणि भुताचा खरा संबंध रस्त्याशी नसतो, घराशी असतो.

शिवाजीनगरातल्या अशाच एखाद्या मराठी घरात वाढलेला तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्याचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असते, कन्नड तो शाळेत आणि मित्रांत शिकलेला असतो, देवनागरी लिपीची ओळख त्याला हिंदीच्या पुस्तकातून झालेली असते. मराठी तो बोलतो. पण मराठी पुस्तक सहसा हाती धरीत नाही. भयकथेची त्याला गोडी असली, तर त्याच्या वाचनाचा आरंभ बहुधा स्टीफन किंग ह्या अमेरिकन लेखकापासून होतो. शिवाजीनगरपासून चर्च स्ट्रीट फार दूर नाही, आणि तेथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अशा जाड, पिवळ्या पडलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मिळतात. नारायण धारप हे नाव त्याच्या कानावर येते ते फार उशिरा. आणि येते तेही उलट्या वाटेने, म्हणजे आधी नातू भेटावा आणि मग त्याच्याकडून आजोबांचा पत्ता कळावा, अशा रीतीने.

ही उलटी वाट थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे मराठी. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना एक गोष्ट सांगितली आणि ती त्यांच्या मनात पंचवीस वर्षे ठाण मांडून बसली. ती गोष्ट धारपांची होती. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीवरून सुचले. परंतु त्यातील पहिला आणि सर्वांत अंगावर येणारा भाग, एकाकी घरात एक मुलगा आणि साखळदंडांनी बांधलेली एक भयंकर वृद्धा ह्यांची ती रात्र, हा धारपांच्या ‘आजी’ ह्या कथेचा वारसा आहे. बंगळूरच्या चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या पुष्कळ तरुणांनी धारपांचे नाव त्या वेळी पहिल्यांदा ऐकले असेल.

ज्याने किंग वाचलेला आहे त्याला मात्र आणखी एक धक्का बसतो. त्याला ही आजी ओळखीची वाटते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्केलेटन क्रू’ ह्या किंगच्या कथासंग्रहात ‘ग्रॅमा’ नावाची कथा आहे. तीत मोठ्या भावाला दुखापत झाल्याने आई त्याच्याकडे इस्पितळात जाते आणि अकरा वर्षांचा धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसमवेत घरात एकटा राहतो. पुढे काय होते ते येथे सांगणे म्हणजे नव्या वाचकाचे नुकसान करणे होय. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन संस्थानातील ती म्हातारी पुण्यास आली, मराठी झाली, आणि पुण्याहून कोकणातल्या पावसात शिरून हिंदी बोलू लागली, असा हा प्रवास आहे.

ह्या साखळीला मागेही दुवे आहेत. स्वतः किंगने १९८१ साली लिहिलेल्या ‘डान्स मकाबर’ ह्या ग्रंथात आपल्या पहिल्या शोधाची हकीकत सांगितली आहे. तो दोन वर्षांचा असताना त्याचे वडील घर सोडून गेले ते परत आले नाहीत. पुढे बालवयातच एका नातेवाइकाच्या माळ्यावर त्याला वडिलांनी मागे ठेवलेली पुस्तकांची पेटी सापडली. तीत एच. पी. लव्हक्राफ्ट ह्यांच्या कथांचे पुस्तक होते. लव्हक्राफ्ट हे प्रॉव्हिडन्स नावाच्या गावी राहणारे, १९३७ साली अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी निवर्तलेले लेखक. हयातीत त्यांना कीर्ती मिळाली नाही. मृत्यूनंतर दोन वर्षांनी त्यांच्या दोघा चाहत्यांनी केवळ त्यांच्या कथा ग्रंथरूपाने निघाव्यात म्हणून प्रकाशनसंस्था काढली. निघून गेलेल्या बापाकडून मुलाला मिळालेला हा एकच वारसा, आणि तो भयाचा. माळा, पेटी आणि बापाचे पुस्तक! भयकथेला साजेसा ह्याहून चांगला प्रसंग किंगला स्वतःलाही रचता आला नसता.

तेव्हा ‘पहिला शोध’ म्हणावयाचा तो कोणाचा, असा प्रश्न पडतो. बाल किंगने लव्हक्राफ्ट शोधला, धारपांनी किंग शोधला, नागझिऱ्याच्या रानात गोष्ट ऐकणाऱ्या मुलाने नकळत धारप शोधले, आणि शिवाजीनगरच्या तरुणास हे सारे शोध एकदम, शेवटाकडून आरंभाकडे असे लाभतात.

येथे एक गैरसमज मात्र होऊ देता कामा नये. धारप म्हणजे किंगची मराठी सावली, असा निष्कर्ष ही वाट चालून आलेला वाचक काढण्याचा संभव आहे, आणि तो चुकीचा आहे. धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. किंगचा १९४७ चा. किंगची पहिली कादंबरी ‘कॅरी’ १९७४ साली आली, तेव्हा धारप पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांचे नाव मराठी वाचनालयांतून चांगले रुळलेले होते. २००८ च्या ऑगस्टमध्ये ते वारले तोवर त्यांच्या नावावर शंभरांहून अधिक पुस्तके जमा झालेली होती, आणि त्यांत भयकथांखेरीज विज्ञानकथाही होत्या. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने अद्भुत आणि गूढ कथांसाठी मराठीत जो वाचक तयार केला, तो धारपांचा वाचक. हा वाचक पुस्तक विकत घेई असे फारसे नाही. वर्गणी भरून, एका पुस्तकाच्या बदली दुसरे, असे तो ते घरी नेई. एका रात्रीत संपवी आणि दुसऱ्या दिवशी परत करी, कारण तसले पुस्तक घरात दुसऱ्या रात्री असू नये असेही पुष्कळांना वाटे. समीक्षकांनी धारपांकडे जवळजवळ पाठच फिरविली. त्याची त्यांच्या वाचकांना कधी गरज भासली नाही, हे खरे. तरी मराठी कादंबरीच्या इतिहासग्रंथांतून त्यांना एखाद्या ओळीत वाटेस लावण्याची रीत न्याय्य आहे असे म्हणवत नाही.

किंगच्या ज्या दोन मोठ्या कादंबऱ्यांचे ऋण धारपांनी उचलले, त्यांची मराठी नावे विचार करण्याजोगी आहेत. किंगची १९८६ सालची कादंबरी ‘इट’. सात मुले एका दुष्ट शक्तीशी सामना करतात, ती पुन्हा उठली तर पुन्हा एकत्र येऊ अशी रक्ताची आण घेतात, आणि सत्तावीस वर्षांनी ती आण पाळण्याची वेळ येते. इंग्रजी नाव त्या शक्तीवरून आहे. आणि तेही नाव नव्हेच, नुसते नपुंसकलिंगी सर्वनाम. धारपांनी आपल्या कादंबरीचे नाव ठेवले ‘शपथ’. म्हणजे राक्षस बाजूला सारून त्यांनी मुलांनी दिलेल्या शब्दावर बोट ठेवले. ज्या समाजात दिलेल्या शब्दापायी राजे स्मशानात चाकरी करीत असल्याच्या कथा आजी नातवंडांना सांगते, त्या समाजाच्या लेखकास तेच सुचावे हे स्वाभाविक आहे. दुसरी कादंबरी ‘सालेम्स लॉट’, १९७५ सालची. ब्रॅम स्टोकरचा १८९७ सालचा ड्रॅक्युला अमेरिकेतील एका लहानशा गावात उतरला तर काय होईल, ह्या कल्पनेतून ती निर्माण झाली. तिच्या मराठी अवताराचे नाव ‘लुचाई’. हा शब्द ऐकताच मराठी कानाला ‘लुचणे’ हे क्रियापद आठवते. वासरू गाईला लुचते, तान्हे मूल आईला लुचते. रक्त शोषणाऱ्या पिशाचाच्या गोष्टीवर वात्सल्याच्या शब्दाची छाया पडावी, ह्यात जी किळस आणि जी भीती आहे ती मूळ इंग्रजी नावात नाही. हे एका शब्दाचे काम आहे. परंतु ते काम भाषांतरकाराचे नव्हे, लेखकाचे आहे.

ऋणाचा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. इंग्रजी आधी वाचून आलेल्या वाचकास पहिल्या वाचनात थोडी फसगत झाल्यासारखे वाटणे साहजिक आहे. परंतु मराठी वाङ्मयाला रूपांतर नवीन नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे, ते शेक्सपिअरच्या हॅम्लेटवरून आलेले. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलियेरच्या फ्रेंच प्रहसनापासून मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे मराठीत आले, आणि फाल्गुनराव हा कोणा फ्रेंच गृहस्थाचा वंशज आहे अशी शंकाही प्रेक्षकास येत नाही. रूपांतरावर मूळ कृतीचे नाव ठळकपणे असावे, हा आजचा आग्रह योग्यच आहे. खतावणीत नोंद असलेल्या कर्जाची लाज बाळगण्याचे कारण नसते; नोंद नसली म्हणजे मात्र सावकारापेक्षा ऋणकोचेच नुकसान अधिक होते, कारण मग त्याची स्वतःची कमाईही लोक उसनी समजू लागतात. धारपांच्या बाबतीत हे काही अंशी झाले आहे.

त्यांची स्वतःची कमाई कोणती, ते आता पाहावे.

मराठी मुलखात भुतांची वाण कधीच नव्हती. मुंजा पिंपळावर, समंध पुरलेल्या धनावर, चकवा रानवाटेवर. हडळ आणि खवीस ह्यांचीही आपापली ठिकाणे. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आणि बंदोबस्तही ठरलेला. धारपांनी ह्या मंडळींचा उपयोग क्वचित केला. त्यांच्या पुष्कळ कथांतील अमंगळाला नाव नसते, जात नसते, पूर्वजन्मीची हकीकतही नसते. ते पलीकडून कोठून तरी येते. हा गुण लव्हक्राफ्टच्या घराण्याचा. परंतु ते येते कोठे, तर वारसाहक्काने मिळालेल्या जुन्या वाड्यात, भाड्याने घेतलेल्या स्वस्त बिऱ्हाडात, कुलूप लावलेल्या माडीवरच्या खोलीत. ज्याच्याकडे येते तो असतो नोकरदार, हिशेबी, थोडासा अश्रद्ध मध्यमवर्गीय गृहस्थ. त्याला प्रथम भूत दिसत नाही. प्रथम एक वास येतो, किंवा भर उन्हाळ्यात एका कोपऱ्यात गारवा जाणवतो. धारपांची भाषा साधी आहे, क्वचित रुक्षही आहे. पण साक्षीदाराची जबानी जशी अलंकाराने बिघडते तशी भयकथाही बिघडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि त्यांचे ‘समर्थ’. अमंगळाचा सामना करणारा हा पुरुष धारपांनी अनेक कथांतून उभा केला. नाव उच्चारताच मराठी मनात रामदासांची मूर्ती उभी राहते आणि निम्मे रक्षण तेथेच होते. येथे एक उणेही नमूद केले पाहिजे. समर्थ आले की भय ओसरू लागते. वाचकास निकाल कळून चुकतो. किंगच्या जगात असा खात्रीचा रक्षक नसतो. ‘सालेम्स लॉट’मधील पाद्र्याची श्रद्धा ऐन वेळी डळमळते आणि हातातला क्रूस निकामी होतो. कलेच्या दृष्टीने ते अधिक धीट आहे. पण अंधाराची भीती वाटताच ज्याला लहानपणी रामरक्षा म्हणावयास शिकविले गेले, त्या वाचकास समर्थांचे आगमन हा दुबळेपणा वाटत नाही. भीतीबरोबर तिचा उतारही घरातच असावा, ही त्याची सवय आहे.

ह्या उताऱ्यावरून बंगळूरच्याच एका भुताची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत ह्या शहरात आणि कर्नाटकातील अनेक गावांत अशी वदंता पसरली की, रात्री एक बाई दारोदार हिंडते, दार ठोठावते आणि आतल्या माणसाला त्याच्या जवळच्या नातलगाच्या आवाजात हाक मारते. जो दार उघडील त्याचा घात ठरलेला. त्यावर उपाय म्हणून लोकांनी दारांवर आणि भिंतींवर ‘नाळे बा’ असे लिहिले. म्हणजे ‘उद्या ये’. ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आज करावयाचे काम उद्यावर टाकण्याची ही युक्ती कोणा अनुभवी कारकुनाच्या डोक्यातून निघाली असावी. भूत साक्षर आहे, लेखी हुकूम मानणारे आहे आणि कन्नड जाणणारे आहे, हे त्यातले गृहीत. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी आलेल्या ‘स्त्री’ ह्या हिंदी चित्रपटाने हीच युक्ती चंदेरीला नेली. ‘तुंबाड’ त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी आला.

महाराष्ट्रातही, रात्री आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, अशी जुन्या माणसांची समजूत होती. दोन्हींच्या बुडाशी एकच ज्ञान आहे. परक्या आवाजाला माणूस दार उघडीत नाही. खरा धोका ओळखीच्या आवाजात असतो. आता शिवाजीनगरातील त्या मराठी घराच्या दाराशी ती बाई आली असती, तर तिने हाक कोणत्या भाषेत मारली असती? दारावरचा मजकूर कन्नडमध्ये असला तरी आईच्या आवाजातली हाक मराठीतच यावयास हवी. तेथे दुसरी भाषा चालणारच नाही.

धारपांच्या पुस्तकाचे पहिले पान उलटताना त्या तरुणास जे होते ते हेच आहे. किंगचे भय त्याने इंग्रजीत अनुभवलेले असते. ते उत्तम असते, पण ते मेनमधल्या तळघरात घडते, आणि बंगळूरच्या घराला तळघर नसते. धारपांच्या पानावर दिवेलागण असते, माजघर असते, देवघरातली मंद ज्योत असते, ‘अरे, जरा इकडे ये’ अशी आतल्या खोलीतून हाक येते. हे शब्द त्याने कधी छापलेले पाहिलेले नसतात. ते त्याने फक्त ऐकलेले असतात, आणि तेही फक्त घरात, फक्त आपल्या माणसांच्या तोंडून. नोकरीची, व्यवहाराची, मैत्रीची भाषा त्याला परकी मिळाली. मराठी त्याच्यापाशी राहिली ती बालपणाची आणि रात्रीची भाषा म्हणून. ती अपुरी असेल, तीत त्याला अर्ज लिहिता येत नसेल. पण भिण्यासाठी त्याला दुसरी भाषा उपलब्ध नाही. आपली मातृभाषा आपल्याला केवढी येते, हे त्याला भयकथेने दाखवावे, ही गंमत आहे. अभिजात कादंबऱ्या आणि पाठ्यपुस्तके हे करू शकली नसती. ती पन्नास पानांनंतर मिटली गेली असती.

साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके पुन्हा छापून काढली आहेत, त्यामुळे ती मिळविण्यास आता पूर्वीसारखे कष्ट पडत नाहीत. आरंभ कोठून करावा असे कोणी विचारील, तर किंग वाचलेल्याने ‘शपथ’ आधी घेऊ नये. तुलना करण्यातच त्याचा वेळ जाईल. समर्थांच्या कथांपासून आरंभ करावा, मग ‘लुचाई’कडे जावे आणि ‘शपथ’ शेवटी ठेवावी. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या माणसाने त्याबद्दल खंत बाळगू नये. अक्षर अक्षर लावीत जाणाऱ्याला कुलुपाच्या खोलीचे दार उघडावयास चार ओळी अधिक लागतात, आणि भयकथेत त्या चार ओळींना फार किंमत आहे. ज्याला तेवढेही जमत नाही, त्याने घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून पुस्तक मोठ्याने वाचून घ्यावे. त्यातही एक पथ्य पाळावे. ‘आजी’ ही कथा आजीकडून वाचून घेऊ नये.